घरचं कथील

“साताच्या पुढं काय?” कांताबाईनं विचारलं.

दीक्षा पाटीकडे बघत राहिली. सहा वर्षांची पोर. फ्रॉकची बटणं एका काजानं चुकलेली. पाटीवर एकापासून सातापर्यंतचे आकडे तिनं नीट ओळीत काढले होते. सातापुढे पेन्सिल टेकवून ती थांबली होती.

“सांग नं वं. दिवाळीत तं वीसपर्यंत घडाघडा म्हणत होती. आता काहून तोंडाले कुलूप लागलं?”

“पेट दुखता है, आजी.”

“पाटी घेतली का हिचं पोट दुखते! खायच्या टायमाले नाही दुखत.”

“खायच्या टायमालेई दुखते, बाई,” मोरीत भांडी घासणारी तिची सून मंदा तिथूनच म्हणाली. “काल दोन घास खाल्ले अन् उठली. चार दिवसांपासून संडासले पण धड नाही झालं तिले.”

“मंग बासीचं पाणी पाज. त्यानं पोट साफ होते.”

कांताबाई स्वतःच उठली. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, होता. रात्रीचा उरलेला भात त्यात पाणी घालून ठेवायचा आणि सकाळी त्या आंबूस भातात दही, मीठ, कांदा घालून खायचा. रायपुरात उन्हाळ्यात घरोघरी हीच बासी. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आली तेव्हा कांताबाईनं या खाण्याला नाक मुरडलं होतं. नवरा रेल्वेत खलाशी होता, तो दुपारी डबा उघडून बासी खायचा, तेव्हा ती “शिळं कसलं खाता” म्हणायची. आता चैत लागला की तिलाच बासीशिवाय चालत नसे. मात्र ती स्टीलच्या भांड्यात ठेवलेली तिला चालत नसे. स्टीलमध्ये भात गरम होतो, त्याला वास मारतो, असं तिचं म्हणणं. माहेरून आणलेला हा जाड बुडाचा गंज तिनं नवरा गेल्यावरही, घरं बदलल्यावरही सोडला नव्हता.

आतून त्याला संक्रांतीच्या सुमारास नवी कल्हई झाली होती. कल्हईवाले कथिलात भेसळ करतात, हा तिचा पक्का समज. तिच्या माहेरी सगळ्या बायका कल्हईवाल्याला कथील घरचं द्यायच्या आणि काम होईपर्यंत समोर बसून राहायच्या. रायपुरातही तिनं ती रीत मोडली नव्हती.

तिनं गंजातलं आंबूस पाणी वाटीत ओतलं. दीक्षा नाक दाबून ते प्यायली.

दीक्षाचा बाप धर्मपाल दारात सायकलची चेन बसवत होता. हात काळे झाले होते. “शाळेत जाऊन येतो म्हटलं,” तो म्हणाला. “मास्तरीणबाई म्हणतात पोट्टी ऐकत नाही. वर्गात झोपते. उठवलं का चावते.”

“चावते?” कांताबाई म्हणाली. “आपल्या घरात कोणी चावत नाही. शाळेचा दोष हाय तो. राजधानी झाली म्हणून राहिले लोकं, अन् शाळेत पंखा नाही.”

धर्मपालनं काळे हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले, मग त्याच हातानं दीक्षाची बटणं सोडून नीट लावली, आणि सायकलवर टांग टाकली.

*

भनपुरीत मोठ्या रस्त्याच्या कडेला भैय्यालालचं रेडिएटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा. एका बाजूला पाण्याचं टाकं, दुसऱ्या बाजूला भट्टी. राज्य नवं झाल्यापासून रस्त्यानं ट्रकांची रांग तुटत नव्हती. सळया, सिमेंट, गिट्टी, सगळं राजधानीकडे चाललेलं. आणि वैशाखाच्या उन्हात दर चौथ्या ट्रकाचं पाणी उकळून बाहेर यायचं.

धर्मपालचा हात त्या कामात बसलेला होता. रेडिएटर उतरवायचा, वरची टाकी आचेनं सोडवायची, आतला गाळ सळईनं काढायचा. मग भोकाच्या जागी तेजाब, म्हणजे ॲसिड, लावायचं, नवसागर टाकायचा, आच धरायची आणि जोडाची कांडी टेकवायची. कांडी निम्मी कथलाची, निम्मी शिशाची. पाऱ्यासारखी चकाकत ती वितळायची आणि फटीत धावायची. जोड थंड झाला की रेडिएटर टाक्यात बुडवून हवा सोडायची. बुडबुडा आला नाही म्हणजे काम झालं.

“धरमपाल, बुलबुला तो नहीं आया?” भैय्यालाल खाटेवरून विचारायचा.

“माझ्या जोडातून कभी आया है क्या, सेठ?”

हे रोजचं बोलणं होतं. नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत जायचा. जमिनीवर करड्या थेंबांचा सडा पडलेला असायचा. दुपारी तिथंच बसून तो भाकर खायचा. घाईचं काम असलं की रेडिएटर घरी न्यायचा आणि अंगणात जोड द्यायचा. म्हणून घराच्या फळीवर एका डब्यात नवसागर आणि चारदोन कांड्या कायमच पडलेल्या असत.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दीक्षा जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पोट दगडासारखं घट्ट होतं. ती रडतही नव्हती, नुसती दात खात होती. कांताबाई हिंगाचा लेप लावत होती. शेजारची सत्यभामा सांगत होती, की बेंबी सरकली आहे, चोळणारी बाई बोलवा.

“जंताची गोळी देऊन झाली,” मंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “एरंडेल देऊन झालं. लेप झाला. आता बेंबी! उद्या कोणी म्हणीन हिचं डोकंच सरकलं. मी चालली डॉक्टरकडं. तुमी येता का नाही येत?”

“येतो नं. मी कुठं नाही म्हटलं?”

“तुमी काहीच म्हणत नाही, तेच तं!”

*

बूढापारा वस्तीत दिवाकर डॉक्टरांचा जुना दवाखाना होता. डॉक्टर सत्तरीचे, मूळचे अमरावतीचे. लहान मुलांना ते आधी स्टुलावर बसवत, गळ्यातली नळी त्यांच्या कानाला लावून त्यांचंच काळीज त्यांना ऐकवत, मगच तपासत. दीक्षाचं पोट दाबून झालं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून झाल्या. त्या आतून पांढऱ्या होत्या.

“रक्त कमी आहे. किती दिवस पोट दुखतंय?”

“होळीपासून,” मंदा म्हणाली.

“आधी येत असलेलं काही विसरली का?”

मंदा दचकली. हे कोणी विचारलं नव्हतं. “गिनती विसरली. अन् चिडते लय. पहिले अशी नव्हती, डॉक्टरसाब.”

डॉक्टरांनी धर्मपालच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांत करडी रेघ बसलेली.

“तुम्ही काम काय करता?”

“रेडिएटरचं. जोड देतो.”

डॉक्टरांनी दीक्षाच्या गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला आणि रक्त घेतलं. ते बाहेरगावी तपासायला जाणार होतं. उत्तर यायला वेळ लागला, तोवर लोहाचं औषध चाललं. मग एका सकाळी त्यांनी नवराबायकोला बोलावलं. खिडकीच्या उजेडात फोटो धरला.

“हे गुडघ्याचं हाड. इथे टोकाला ही दाट रेघ दिसते? आणि रक्ताचंही उत्तर तेच आहे. हिच्या अंगात शिसं गेलंय. बरंच.”

धर्मपाल उभाच होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“शिसं शरीराला कशालाच लागत नाही,” डॉक्टर सावकाश सांगू लागले. “लोह लागतं, चुना लागतो. पण शरीराला शिशाची ओळख पटत नाही. ते त्याला चुना समजतं आणि हाडात जपून ठेवतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलं तर त्यातलं थोडंच रक्तात उतरतं, मुलाच्या पोटातून कितीतरी जास्त. मग रक्त पातळ होतं, आतडं आवळतं. आणि मेंदू तर या वयात अजून घडतोय. गिनती विसरली ती आळसानं नाही. तिला रागावू नका.”

“औषध?” मंदा म्हणाली.

“शिसं ओढून काढणारं औषध आहे. पण नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचं का? आधी नळ शोधा. घरी काम आणता?”

“कधी कधी.”

“बंद. कामाचे कपडे घरात नाहीत. आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही. घर झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, धूळ उडता कामा नये. दूध, हिरवी भाजी, गूळ-चणे द्या. पोट रिकामं ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त लागतं.”

परतताना सायकलच्या दांड्यावर दीक्षा आणि मागे मंदा. बूढा तलावाच्या कडेनं जाताना मंदा म्हणाली, “बटणं लावत होते तुमी तिचे. रोज. त्याच हातानं.”

धर्मपाल पॅडल मारत राहिला.

*

घरात धुणं निघालं. मंदानं गोधड्या, पडदे, उशांची खोळं उकळली. अंगणातली करड्या थेंबांची माती धर्मपालनं फावड्यानं खरवडून पोत्यात भरली. फळीवरचा डबा दुकानात परत नेला. कांताबाई खाटेवर बसून हे सगळं बघत होती.

“तुया बाप आयुष्यभर कोळशात राह्यला,” ती म्हणाली. “काही नाही झालं कोणाले. शिसं म्हणे! शिसं का खाल्लं तिनं?”

“माय, डॉक्टरनं सांगितलं.”

“डॉक्टर का सांगीन? त्याले फोटो काढायचे असते.”

दुकानात धर्मपाल आता निघण्याआधी टाक्याच्या नळावर आंघोळ करायचा. ड्रायव्हर लोक हसायचे.

“क्या बात है, दूल्हा बन रहा है?” भैय्यालाल म्हणायचा. “शाम को बारात है क्या?”

“बच्ची बीमार है, सेठ.”

“बीस साल से मैं ये धंधा करता हूँ. मेरे पाँच बच्चे हैं. एक को कुछ हुआ?”

धर्मपालला भैय्यालालचा थोरला आठवला. पंधराचा झाला तरी सही करता येत नव्हती, बापाच्या शिव्या खात दुकानामागे बसलेला असायचा. धर्मपाल साबण फासत राहिला.

पण मंदाचं मन भरत नव्हतं. तो आंघोळ करून आला तरी ती त्याचे कान, नखं तपासायची. दीक्षा त्याच्याकडे धावली की मध्ये उभी राहायची. एके दिवशी त्यानं पोरीसाठी आणलेली केळी तिनं त्याच्या हातून घेतली आणि साल धुवून घेतली. तेव्हा तो जेवणावरून उठला.

“काय करू मी? कातडं सोलून ठेवू का दुकानात?”

“दुसरं काम पाहा.”

“दुसरं काम मले येते का?”

“मले नाही माहीत! मले पोरगी पाहिजे.”

जेठ लागताना त्यानं भैय्यालालचं दुकान सोडलं. उरला या कारखान्यांच्या वस्तीत, सळयांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. तिथं त्याच्या हाताची कोणाला ओळख नव्हती. “ए नया,” म्हणून हाक मारत. लाल सळई रोलमधून सापासारखी सणसणत बाहेर यायची, ती चिमट्यानं धरून बाजूला ओढायची. पहिल्याच आठवड्यात पायाची पिंडरी भाजली. त्याच्याहून अर्ध्या वयाचा मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “चाचा, नहीं बनता तो चाय लाने पे लग जाओ.” दोन दिवस त्यानं खरंच चहा आणला. किटली घेऊन जाताना एक ट्रक ड्रायव्हर ओळखीचा निघाला. “अरे मिस्त्री, तुम यहाँ?” धर्मपालनं मान फिरवली.

घरी कांताबाई वेगळ्याच कामाला लागली होती. डॉक्टरनं पोट रिकामं ठेवू नका म्हटलं होतं, ते तिला पटलं होतं. पोरीला ताकद आणायची तिनं मनावर घेतलं. पहाटे मंदा उठायच्या आत ती दीक्षाला बासी भरवायची, वर ते आंबूस पाणी वाटीभर. दुपारी त्याच गंजात चिंच घालून अंबाडीची भाजी शिजवायची, हिरवी भाजी द्या म्हटलं होतं म्हणून. दूध फाटतं म्हणून त्याचं दही लावायची, तेही गंजात.

“खाय, माये बाई,” ती म्हणायची. “बापानं घातलं ते मी काढतो.”

*

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा रक्त घेतलं. उत्तर आलं त्या दिवशी दिवाकर डॉक्टर पहिल्यांदा चिडलेले दिसले.

“वाढलंय,” ते म्हणाले. “कमी व्हायचं सोडून वाढलंय. मी सांगितलं त्यातलं काही केलंत का तुम्ही?”

धर्मपालला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तो बोलू लागला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

“काम सोडलं मी, डॉक्टरसाब! बारा वर्षांचं काम. सळया ओढून राहिलो. हे पाहा,” त्यानं पँट वर करून भाजलेली पिंडरी दाखवली. “चहा वाटला लोकायले. पोरीले महिनाभर मांडीवर नाही घेतलं. अजून काय करू, सांगा. घर सोडू?”

दीक्षा त्या आवाजानं रडायला लागली. डॉक्टर उठले, तिच्या कानाला नळी लावली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “तुम्ही एक नळ बंद केलात. तोही गळत होताच, ते वाया नाही गेलं. पण दुसरा कुठेतरी उघडा आहे. घरीच. आता तिला दवाखान्यात ठेवून ओढून काढणारं औषध द्यावं लागेल. पण नळ सापडला नाही, तर घरी गेल्यावर पुन्हा भरेल. ती काय तोंडात घालते ते पाहा. रंग, खेळणी, काजळ, पाणी, भांडं. सगळं पाहा.”

घरी येऊन मंदानं काजळाची डबी फेकली. रंगीत बाहुली चुलीत घातली. दाराचा हिरवा रंग काचेनं खरवडायला घेतला, मग धूळ उडते म्हणून मधेच थांबली आणि तिथंच बसून राहिली. धर्मपालला कारखान्यात जायचं होतं. पोटात कालपासून अन्न नव्हतं.

“माय, काही हाय का खायले?”

“बासी उरली थोडी. घे.”

त्यानं गंज पुढ्यात ओढला. तळाशी दोन मुठी भात होता. तो वाटीत काढून त्यानं उरलेलं पाणी ओतायला गंज उन्हाकडे कलता केला, आणि तसाच धरून राहिला.

बुडाच्या कडेला, आतल्या बाजूनं, एक ओघळ गोठलेला होता. लांबट, टोकाशी गोल. असे ओघळ त्यानं बारा वर्षं पाहिले होते. कांडी जास्त टेकली आणि आच कमी पडली की असाच ओघळ राहतो, मग तो चाकूनं तासावा लागतो. आजूबाजूची कल्हई चांदीसारखी नव्हती. करडी होती, आणि भात राहायचा तिथपर्यंत काळपट, खाल्ल्यासारखी.

भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा कोरा काठ त्यानं फाडला. गंज पालथा घालून पाणी निथळू दिलं, आतून फडक्यानं कोरडा केला आणि तो कागद दाबून घासला. कागदावर पेन्सिलीनं ओढावी तशी काळी रेघ उमटली.

“माय,” तो म्हणाला, “कल्हईले कथील कोणतं दिलं होतं?”

“घरचं. त्या चोट्याचं काहून घेऊ?”

“घरी कुठं होतं कथील?”

“तुया डब्यातलं नाही का! पांढरी कांडी. नवसागर बी तिथंच होता. कल्हईले तेच लागते नं, कथील अन् नवसागर. दोन कांड्या दिल्या. तो म्हणे आपका माल, आपका बर्तन. मी समोर बसून करून घेतलं. काडीभर चोरू नाही देलं त्याले.”

धर्मपालनं गंज खाली ठेवला. मंदा दाराशी उभी होती, तिच्या हातात काच तशीच होती.

“ती कथलाची कांडी नव्हती, माय. अर्धं शिसं हाय तिच्यात. ते जोडाची कांडी हाय. गाडीच्या पोटात जाते, माणसाच्या नाही.”

“चकाकत होती.”

“चकाकतेच ते!”

“मंग डब्यावर लिहून नाही ठेवायचं?” कांताबाईचा आवाज एकदम चढला. “मले का माहीत? घरात विष ठेवता अन् म्हातारीले विचारता! मी रोज तेच खातो. मले काही झालं?”

“तुमचंई पोट दुखते, बाई,” मंदा हळू म्हणाली. “गॅस गॅस म्हणता तुमी. माघापासून.”

दीक्षा मध्ये येऊन बसली होती. कागदावरची काळी रेघ तिला आवडली. “बाबा, मैं भी,” म्हणत तिनं गंजाकडे हात नेला. तीन मोठी माणसं एकदम ओरडली. पोर घाबरून तिथंच मुतली.

कांताबाईनं तिला उचललं नाही. स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं, ते पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी मंदानं स्टीलच्या ताटात जेवण वाढलं, ते तिनं मुकाट्यानं खाल्लं.

*

दीक्षा दवाखान्यात राहून आली. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळ्यांत होतं, कांताबाईत सर्वांत जास्त. “आजी, पुढचे सहा महिने तुम्हीही माझ्या पेशंट,” दिवाकर डॉक्टर म्हणाले, आणि तिनं पहिल्यांदाच त्यांना उलट उत्तर दिलं नाही.

“पोरीचं उतरेल,” त्यांनी सांगितलं. “सावकाश उतरेल. हाडात आहे ते वर्षानुवर्षं थोडं थोडं येत राहील. डोक्यातलं किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही. तिला शिकवत राहा. घाई करू नका.”

धर्मपाल भैय्यालालच्या दुकानात परतला. मंदानंच जा म्हटलं. अटी मात्र तिच्या होत्या. काम घरी यायचं नाही, आंघोळ तिथंच, कपडे तिथंच. “आ गया दूल्हा,” भैय्यालाल म्हणाला. मग खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, “वो तेरा डॉक्टर, बूढ़ापारा में कहाँ बैठता है?”

गंज तेवढा अंगणात उपडा पडून होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला. जड पितळ पाहून त्याचे डोळे लकाकायचे. दुसऱ्यांदा त्यानं तो उचलून वाजवून पाहिला.

“ठेव खाली,” कांताबाई म्हणाली.

“माई, अच्छा दाम दूँगा. बर्तन तो अच्छा है, कोई भी पकाएगा इसमें.”

“म्हणून तं म्हणून राहिली, ठेव खाली.”

संध्याकाळी धर्मपाल आंघोळ करून आला. कांताबाईनं गंज त्याच्या पुढ्यात ठेवला. “याले भोक पाड,” ती म्हणाली. “मोठं. कोणाले शिजवता नाही आलं पाहिजे. मंग घेऊन जाऊ दे त्याले, गाळायले.”

“कल्हई खरवडून नवी करता येते का पाहू—”

“भोक पाड म्हणतो नं.”

शेजाऱ्याकडून छन्नी आणि हातोडा आणला. दीक्षाला दूर, ओट्यावर बसवलं. बारा वर्षं भोकं बुजवलेल्या हातानं धर्मपालनं छन्नी गंजाच्या बुडावर धरली. जाड पितळ होतं. पहिल्या घावाला नुसता खण्ण आवाज झाला, खळगाही पडला नाही.

“एक,” दीक्षा ओट्यावरून म्हणाली.

कोणी तिला सांगितलं नव्हतं. धर्मपालनं मंदाकडे पाहिलं. दुसरा घाव घातला.

“दो.”

“मराठीत म्हण,” कांताबाई सवयीनं म्हणाली.

“तीन. चार.” घाव पडत राहिले. पाचाला बुडाला वळ उठला. सहाला छन्नी रुतली. “सात.”

हातोडा वर गेला आणि वरच राहिला. दीक्षाचे ओठ हलत होते. तिनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे, मग घाबरून आजीकडे. कांताबाईचं तोंड उघडलं. मंदानं डोळे मिटून घेतले.

कांताबाईनं तोंड मिटलं. रस्त्यावरून ट्रक गेला. दुसरा गेला. धर्मपालचा खांदा भरून आला, पण त्यानं हातोडा खाली आणला नाही.

“नऊ,” दीक्षा म्हणाली.

कांताबाई उठली. गुडघे धरत ओट्यापर्यंत गेली आणि नातीच्या शेजारी बसली.

“आठ,” ती हळूच म्हणाली.

“आठ,” दीक्षा म्हणाली.

घाव बसला. छन्नी आरपार गेली आणि खालच्या मातीत रुतली.

“आता नऊ,” कांताबाई म्हणाली. “नऊ तुयं चुकलं नव्हतं, बाई. त्याची पाळी यायची होती.”